चेसापीकच्या पाण्याखालचं गवत परत आणायचंय? नवीन लोकांनी सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत मेरीलँड-व्हर्जिनियातले आपले बरेचजण दर उन्हाळ्यात चेसापीक खाडीवरच्या बे ब्रिजवरून ओशन सिटीला जातात, गाडीतून दोन्ही बाजूला पाणीच पाणी दिसतं, मुलं फोटो काढतात आणि गाडी पुढे जाते. मीही आठ-नऊ वर्षं तेच केलं. त्या पाण्याच्या तळाशी गवताची कुरणं आहेत, म्हणजे होती, मग गेली, मग थोडी परत आली, आणि ती परत आणायच्या कामात साधी नोकरी करणारी, धड पोहता न येणारी माणसंसुद्धा हात लावू शकतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता काही वर्षं मी या कामाला स्वयंसेवक म्हणून जातेय आणि ओळखीतले लोक सारखे विचारतात की आम्हालाही यायचंय, काय करायचं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते. नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी रोपं लावायची असतात, मलाही तीच घाई होती. पण लावणं हे इथलं सगळ्यात शेवटचं काम आहे. हे गवत मरतं ते मुख्यतः उजेड मिळत नाही म्हणून, आणि जिथे तळापर्यंत उजेडच पोचत नाही तिथे कितीही रोपं लावा, ती टिकत नाहीत. आधी पाणी, मग गवत. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्यात.

उतरायच्या आधी एवढं माहीत असू द्या

चेसापीक म्हणजे खाडीच हो, आपल्या दाभोळ-जैतापूरसारखी, नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांत मिसळतं ती. फक्त आकार अवाढव्य, लांबी जवळपास ३२० किलोमीटर आणि सहा राज्यांतलं पाणी वाहत वाहत इथे येतं. पण सरासरी खोली बघाल तर फक्त २१ फूट! एवढी मोठी आणि एवढी उथळ, म्हणूनच काठाकाठाने तळापर्यंत ऊन पोचायचं आणि गवत माजायचं. पूर्वी किती होतं याचे अंदाज काही लाख एकरांपर्यंत जातात.

हे शेवाळ नाही, ही चूक सगळे करतात. याला मुळं असतात, पानं असतात, फुलं येतात, बी धरतं, फक्त सगळं पाण्यात. ब्लू क्रॅब हा इथला खेकडा कात टाकतो तेव्हा काही काळ अंगाने अगदी मऊ असतो, तेव्हा तो या गवतात लपून बसतो, नाहीतर कोणीही खाऊन टाकेल. माशांची पिल्लं इथेच वाढतात. कॅनव्हासबॅक नावाचं बदक हिवाळ्यात इथल्या वाइल्ड सेलरी या गवताचे कंद उकरून खायचं, इतकं की त्या बदकाच्या शास्त्रीय नावातच त्या गवताचं नाव आहे, व्हॅलिसिनेरिया.

मग गेलं कसं? १९३० च्या दशकात खाऱ्या पाण्यातल्या ईलग्रास नावाच्या गवतावर रोग पडला, १९३३ मध्ये मोठं चक्रीवादळ आलं, तो एक घाव. नंतरच्या दशकांत शेतातलं खत, कोंबड्यांची विष्ठा, शहरांचं सांडपाणी यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढत गेलं, पाण्यात बारीक शेवाळ फोफावलं, पाणी हिरवट-तपकिरी झालं, शिवाय पानांवर चिकट थर बसायला लागला म्हणजे जो थोडा उजेड खाली यायचा तोही अडला. गवत असं आधीच अर्धमेलं झालेलं असताना जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळ आलं आणि सस्क्वेहाना नदीने एवढा गाळ आणून ओतला की खाडीच्या वरच्या टोकाच्या सस्क्वेहाना फ्लॅट्स या उथळ भागातली कुरणं जवळजवळ संपलीच. १९८४ मध्ये विमानातून दरवर्षी मोजणी सुरू झाली तेव्हा अख्ख्या खाडीत जेमतेम ३८,००० एकर गवत भरलं.

त्यानंतर सांडपाण्याचे प्लांट सुधारले, फॉस्फेटवाल्या साबणांवर बंदी आली, शेतकऱ्यांनीही बरंच केलं, आणि २०१७ मध्ये आकडा १,००,००० एकरांच्या वर गेला. मग २०१८-१९ मध्ये पावसाने झोडपलं आणि एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त गवत गेलं. २०२३ ला परत ८२,००० च्या पुढे. २०१४ च्या करारात ध्येय ठेवलं होतं १,८५,००० एकरांचं. थोडक्यात गवत स्वतःच परत यायला तयार असतं, पाणी जरा सुधारलं की येतं, आणि एक वाईट वर्ष आलं की परत मागे.

पायरी १: गुडघाभर पाण्यात उभं राहून खाली बघा

खरंच, पहिलं काम एवढंच. बर्नी फाउलर म्हणून मेरीलँडचे राज्य सिनेटर होते, लहानपणी पटक्संट नदीत छातीभर पाण्यात उभं राहून त्यांना स्वतःचे पाय दिसायचे, नंतर दिसेनासे झाले. तर १९८८ पासून ते दर जूनमध्ये पांढरे स्नीकर्स घालून लोकांचे हात धरून नदीत चालत जायचे आणि बूट दिसायचे बंद झाले की थांबायचे, पाणी पँटवर जिथपर्यंत चढलं ते मोजायचे. २०२१ मध्ये ते गेले, पण त्यांची ही पद्धत इतकी सोपी आणि इतकी बरोबर आहे की मी प्रत्येक नवीन माणसाला तीच करायला लावते. शास्त्रीय पद्धतीने करायचं तर सेक्की डिस्क नावाची काळी-पांढरी थाळी दोरीने सोडतात आणि दिसायची थांबली की दोरी मोजतात. दोन्हीत कळतं तेच, उजेड किती खोल जातो. गोड्या पाण्यातल्या गवतासाठी पाण्यातून खाली वरच्या उन्हातला निदान १३ टक्के उजेड पोचायला हवा, खाऱ्या पाण्यातल्यासाठी २२ टक्के. त्याच्या खाली गेलं की गवत उपाशी.

जाताना बंद बूट घाला, फ्लिप-फ्लॉप अजिबात नाही, चिखलात राहतात आणि खेकडा चावतो तो वेगळाच. पोलराइज्ड गॉगल हवाच, त्याशिवाय पाण्यावरची चमक खाली काही बघूच देत नाही. पाय उचलून टाकू नका, घसटत चाला म्हणजे वाळूत बसलेले रे मासे (आपले पाकट) बाजूला होतात. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, उन्हाळ्यात गरम पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात आणि ते प्रकरण गंभीर असतं. मोठा पाऊस पडला तर दोन दिवस थांबा. आणि एकटं जाऊ नका, लाइफ जॅकेट घाला.

वेळ ओहोटीची धरा. कोकणातून आलेल्यांना इथली ओहोटी बघून वाटेल हीच का ती, कारण फरक दीड-दोन फुटांचाच असतो. इथे वाऱ्याचा जोर जास्त चालतो, वायव्येचा वारा दोन दिवस वाहिला की पाणी असं उतरतं की काठ उघडा पडतो. म्हणून फक्त भरती-ओहोटीचं टेबल बघून निघू नका, वाराही बघा.

पायरी २: पाच-सहा गवतं ओळखायला शिका

खाडीत डझनाहून जास्त जाती आहेत पण सुरुवातीला थोड्या पुरतात. घरी फिश टँक असेल तर एक तुम्हाला आधीच माहितीय, टँकमध्ये लांब फितीसारखं व्हॅलिस लावतात ना, त्याचीच बहीण म्हणजे इथली वाइल्ड सेलरी. फितीसारखं पान, टोक गोलसर, आणि उजेडासमोर धरलं की मधोमध एक फिकट पट्टा दिसतो, तो पट्टा हीच खूण. ईलग्रासचं पानही फितीसारखंच, पण ते खाऱ्या पाण्यात, खाडीच्या खालच्या व्हर्जिनियाकडच्या भागात, त्यामुळे तुम्ही कुठे उभे आहात यावरूनच अर्धा निकाल लागतो.

रेडहेड ग्रासचं पान अंडाकृती आणि देठाला मिठी मारल्यासारखं चिकटलेलं. विजन ग्रास म्हणजे दोऱ्यासारखी पानं, आणि बी धरलं की छोट्या पंख्यासारखे देठ दिसतात. हे विजन ग्रास आता खाडीत ईलग्रासपेक्षाही जास्त झालंय, कारण ईलग्रासला उन्हाळ्यातलं गरम पाणी सोसत नाही, २५ अंशांच्या वर ते कासावीस होतं आणि ३० च्या आसपास पाणी काही दिवस राहिलं तर मरतंच, २००५ च्या उन्हाळ्यात असंच झालं. पण विजन ग्रासवर फार भरवसा टाकता येत नाही, एका वर्षी दाट आणि पुढच्या ओल्या वर्षी गायब, २०१९ चा फटका मुख्यतः त्यालाच बसला.

हायड्रिला ओळखायला हाताचा उपयोग होतो. देठाभोवती चार-पाच पानांचं चक्र असतं, बोटं खालून वर फिरवली की करवतीसारखं खरखरीत लागतं. तसंच दिसणारं स्थानिक वॉटरवीड हाताला मऊ लागतं आणि त्याच्या चक्रात पानं तीन. हायड्रिला बाहेरून आलेलं आहे, पण दिसलं की उपटायला धावू नका, पोटोमॅक नदीत त्यानेही पाणी निवळायला मदत केली आणि मासे-बदकांना आसरा दिला.

शिंगाड्याचं मात्र वेगळं. हो, आपण उपासाला ज्याचं पीठ खातो तोच शिंगाडा! इथे त्याच्या भाईबंदांनी बर्ड रिव्हर आणि सॅसाफ्रस नदीत धुमाकूळ घातलाय, पाण्यावर पानांचं असं झाकण तयार होतं की खाली काळोख, आणि काटेरी फळं पायात घुसतात ती बुटाच्या तळातून. दिसला तर फोटो काढा, जागा नोंदवा आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला लगेच कळवा, हाताने उपटायच्या मोहिमा निघतात त्यात जा.

पायरी ३: बघितलेलं नोंदवा

विमानातून मोजणी होते, व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स ती करते, आणि त्यांचा नकाशा ऑनलाइन कोणालाही बघता येतो, तुमच्या जवळच्या काठावर कोणत्या वर्षी गवत होतं ते त्यात सापडतं. पण विमानातून जात कळत नाही, आणि अरुंद ओढ्यांतले छोटे पट्टे दिसतही नाहीत. ती उणीव पाण्यात उभी राहिलेली माणसं भरून काढतात. चेसापीक बे एसएव्ही वॉचर्स (एसएव्ही म्हणजे हेच पाण्याखालचं गवत) असा स्वयंसेवकांचा रीतसर कार्यक्रम आहे, त्यात ट्रेनिंग देतात, मग तुम्ही कयाकवरून किंवा चालत जाऊन किती टक्के तळ झाकलाय, कोणती जात, पाणी किती स्वच्छ, तळ वाळूचा की चिखलाचा, असं भरता. मे ते सप्टेंबर हा हंगाम.

"काहीच नाही" हीसुद्धा नोंद असते, ती टाळू नका. मी सुरुवातीला रिकाम्या जागा सोडून द्यायचे, मग शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं की शून्य लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी तिथे गवत आलं हे कळणार कसं.

पायरी ४: आधी स्वतःच्या अंगणातलं खत थांबवा

ही पायरी लोक वगळतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. खाडीपासून ५० मैलांवरच्या टाउनहाऊससमोरच्या लॉनवर टाकलेलं खत पावसाबरोबर गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत जातं. मेरीलँडमध्ये कायदाच आहे, घरमालकांनी १५ नोव्हेंबर ते १ मार्च लॉनला खत घालायचं नाही, आणि माती तपासल्याशिवाय फॉस्फरसवालं खत तर नाहीच. माझं मत विचाराल तर जमलेल्या लॉनला वर्षभर नाही घातलं तरी काही बिघडत नाही, कापलेलं गवत तिथेच राहू द्या, तेच खत. घराला सेप्टिक टँक असेल तर तो वेळेवर उपसून घ्या. एचओएच्या, म्हणजे तुमच्या वस्तीच्या घरमालक संघटनेच्या मीटिंगला जाऊन हा विषय काढा, आपले लोक मीटिंगला जातच नाहीत.

पायरी ५: हिवाळ्यात घरी वाइल्ड सेलरी वाढवून बघा

चेसापीक बे फाउंडेशनने लोकांकडून घरी वाइल्ड सेलरी वाढवून घ्यायचा उपक्रम चालवला, आणि मेरीलँडच्या शाळांमध्ये १९९८ पासून बे ग्रासेस इन क्लासेस नावाने मुलांनी वर्गात वाढवली. अशा कुठल्यातरी गटातून बी आणि सामान मिळतं तेव्हाच करा, स्वतः नदीतून उपटून आणायचं नाही.

मोठा प्लास्टिकचा टब, त्यात ट्रे, ट्रेमध्ये वाळू आणि साधी माती, वर काही इंच पाणी, पाणी उबदार ठेवायला फिश टँकचा हीटर, पाणी फिरतं ठेवायला छोटा पंप, वर ग्रो लाइट. बी खसखशीपेक्षा थोडं मोठं असेल, त्याला शेंगेतला चिकट बुळबुळीत गर लागलेला असतो, ते बोटाने मातीवर पसरायचं, खोल पुरायचं नाही. दोन-एक आठवड्यांनी हिरव्या केसांसारखं काहीतरी उभं राहिलेलं दिसतं, लहान मुलांना भिंगातून दाखवा. दहा-बारा आठवड्यांत पात बोटभर होते.

मी पहिल्या वर्षी काय केलं, गॅरेजमध्ये कुंड्यांसाठी आणलेली पॉटिंग सॉइलची पिशवी होती, म्हटलं माती ती माती, तीच घातली. तिच्यात आधीच खत मिसळलेलं असतं. दहाव्या दिवशी पाणी पोपटी, पंधराव्या दिवशी ट्रेचा तळ दिसेना, आणि मी हात घालून एक रोप वर काढलं तर पातीवर हिरवा-तपकिरी लेप, दोन बोटांत धरून ओढला तर मोज्यासारखा निघून आला आणि खालची पात पिवळी, अगदी कागदासारखी पातळ. मी रोज पाणी बदललं, जमेल तितकी पानं हळूच पुसली, तरी निम्म्याहून जास्त रोपं गेली. खाडीचं साठ-सत्तर वर्षांत जे झालं ते माझ्या टबात दोन आठवड्यांत झालं. त्यामुळे खत नसलेली माती घ्या, पिशवीवरचं लेबल पूर्ण वाचा, आणि पाणी हिरवट व्हायला लागलं की त्याच दिवशी अर्धं बदला.

पायरी ६: जागा, परवानगी आणि मग पेरणी

जागा शोधताना मी क्रमाने बघते. जुन्या नकाशात तिथे गवत होतं का, आत्ता जवळपास कुठे आहे का (असेल तर पाणी चालतंय असं समजायचं), ओहोटीला खोली कंबरेच्या आत आहे का, तळ घट्ट वाळूचा की पाय रुततो, मोठ्या लाटा थेट येऊन आपटतात का, बोटींच्या पंख्यांनी तळ खरवडलाय का. दगडी बांध घातलेला काठ शक्यतो टाळते, लाट परतून येते आणि तळ ढवळत राहते. आणि ज्या जागी गवत आत्ता चांगलं आहे तिथे काहीही पेरायचं नाही, ते त्याचं ते बघून घेईल.

परवानगीशिवाय काही नाही. बी गोळा करणं असो की लावणं, मेरीलँडमध्ये राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे जावं लागतं, व्हर्जिनियात पाण्याखालच्या जमिनीचा कारभार मरीन रिसोर्सेस कमिशनकडे. नवीन माणसाने हे एकट्याने करूच नये, आपल्या नदीच्या रिव्हरकीपर, म्हणजे नदीची राखण करणाऱ्या गटाबरोबर जावं, त्यांच्याकडे परवाने आणि अनुभव दोन्ही असतं.

आता रोपं लावण्यापेक्षा बी पेरण्याकडे कल आहे कारण तेवढ्याच कष्टात खूप मोठी जागा होते. रेडहेड आणि विजनचं बी उन्हाळ्यात पिकतं, वाइल्ड सेलरीच्या शेंगा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. बी असलेले शेंडेच खुडायचे, मूळ हलवायचं नाही, एका जागचं थोडंसंच घ्यायचं, बदकांना आणि त्या गवताला स्वतःलाही बी लागतंच. मग ते टाकीत हवा सोडून घुसळतात, पाला कुजून सुटतो, बी तळाला बसतं, ते चाळणीने धुऊन थंड पाण्यात ठेवतात. पेरताना बी ओल्या वाळूत कालवायचं म्हणजे मूठ सारखी पडते, पाणी थांबलेलं असेल अशा वेळी चालत चालत टाकायचं, शेतात धान फेकतात तसंच.

यातलं बरंचसं बी उगवणार नाही. व्हर्जिनियाच्या अटलांटिक बाजूच्या साउथ बे वगैरे छोट्या खाड्यांतून १९३३ नंतर ईलग्रास पार नाहीसं झालं होतं, तिथल्या स्कॅलप शिंपल्यांचा धंदा बसला तो बसलाच. १९९९ पासून शास्त्रज्ञ बॉब ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शेकडो स्वयंसेवकांना घेऊन, २०१८ पर्यंत ७ कोटींहून जास्त बिया हाताने पेरल्या. पेरलं होतं २१३ हेक्टरवर, गवत स्वतः पसरत गेलं ३,६०० हेक्टरांपर्यंत. पण नीट बघा, तिथे पाणी आधीच स्वच्छ होतं, अडचण फक्त एवढीच होती की जवळपास बी येईल असं गवतच उरलं नव्हतं. जिथे पाणी गढूळ आहे तिथे हा उपाय जसाच्या तसा चालत नाही, आणि लोक नेमकं हेच विसरून उत्साहाने बी टाकून येतात.

पायरी ७: परत जा

पेरलेली जागा जीपीएसवर टिपून ठेवा, बांबू रोवला तर बोटीला लागणार नाही असा, परवान्यात बसतो तसाच. पुढच्या जून-जुलैत जा, मग ऑगस्टमध्ये, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही. नोव्हेंबरमध्ये जाऊन निराश होऊ नका, वाइल्ड सेलरीची पानं थंडीत झडतात आणि ती चिखलात कंद होऊन राहते, वरून बघितलं तर फक्त तळ. पहिल्या वर्षी रोपं कोवळी असताना हंस, गीझ आणि कार्प मासे खातात, म्हणून छोट्या तुकड्याला जाळीचं कुंपण घालतात, त्यावर शेवाळ चढतं ते दर दोन-तीन आठवड्यांनी ब्रशने घासावं लागतं नाहीतर जाळीचीच सावली पडते.

आमच्या गटाच्या तुकड्यात पहिल्या उन्हाळ्यात मी शून्य लिहिलं. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये सकाळी सातला पाणी स्वच्छ होतं, वारा नव्हता, मी कमरेत वाकून बघत होते आणि वाळूत एक फीत हलताना दिसली, मधला फिकट पट्टा अगदी स्पष्ट. हात लावून बघितला नाही, मूळ धरत असताना ओढ बसू नये म्हणून. भोवती फिरून मोजलं, एका बाजूला अकरा आणि जरा पुढे चार, आणि त्यातल्या एका पातीखाली नखाएवढा खेकडा. झाकलेला तळ १ टक्क्याच्याही आत भरत होता. फॉर्मवर "१ टक्क्यापेक्षा कमी" लिहिलं, शेजारी जातीचं नाव, खोली आणि वेळ.